हातातून सुटलेला : मलिक अंबर

लॅटिन आता आपल्या कॉलेजात कोणी शिकवत नाही. तरी तिचे तुकडे आपल्या बेळगावात जागोजागी पडलेले असतात. मिशन हा शब्द घ्या. मिशन शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनरी. हे सगळे 'मित्तेरे' या लॅटिन धातूचे नातेवाईक. मित्तेरे म्हणजे पाठवणे, सोडणे, जाऊ देणे. याच धातूच्या मागे हात जोडला, 'मनुस' म्हणजे हात, की एक वेगळाच शब्द तयार होतो : मनुमिस्सुस. शब्दशः अर्थ हातातून सोडलेला. रोमन लोक हा शब्द गुलामगिरीतून मोकळ्या केलेल्या माणसासाठी वापरायचे.

हात म्हणजे इथे सत्ता. आपणही म्हणतोच की, अमुक माणूस तमुकाच्या हाताखाली आहे. आमच्या निपाणी भागात उसाच्या हंगामात तोडणीवाले येतात, त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि उचल फिटेपर्यंत तो माणूस मुकादमाच्या हातातच असतो. रोमन मालकाचा हात याहून फार जड होता. गुलामाला मारायचं का विकायचं, सगळं त्या हातात. सोडायचा तर अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, गुलामाच्या अंगाला काठी टेकवायची, आणि मालकाने हात काढून घ्यायचा. त्या गुलामाच्या किमतीवर सरकार पाच टक्के करही घेई. सुटलेला माणूस मालकाचं नाव लावायचा. सिसेरोचा लेखनिक तिरो मोकळा झाला तो मार्कुस तुल्लिउस तिरो होऊन, म्हणजे मालकाचीच दोन नावं पुढे घेऊन. शिवाय जुन्या मालकाचा मान राखायचा, सांगेल ते काम करायचं, हे होतंच.

मला यात खरी गंमत व्याकरणाची वाटते. मनुमिस्सुस हे धातुसाधित विशेषण आहे, आणि तेही कर्मणी. सोडणारा दुसरा कोणीतरी असल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही. आपला 'मुक्त' तसाच. संस्कृतातल्या मुच् धातूला क्त प्रत्यय लागून तो झाला, म्हणजे मुळात तोही 'सोडलेला'. मराठीकडे मात्र दोन शब्द आहेत. सोडणे आणि सुटणे. सोडलेला म्हटलं की सोडणारा डोळ्यासमोर येतो. सुटलेला म्हटलं की तो एकटाच दिसतो, पुढे चाललेला. बारावीच्या गाइडात ज्याच्यावर चार ओळी असतात आणि त्यातली पहिली ओळ 'हा मूळचा हबशी गुलाम' अशी असते, त्या मलिक अंबरला यातला कुठला शब्द लागतो, हे बघायचं म्हणून मी हे लिहितोय.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमाराचा, इथिओपियातला. तिथलं त्याचं नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. पुढे त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात त्याची किंमत 80 गिल्डर झाली. तिथून बगदाद. बगदादच्या व्यापाऱ्याला पोरगा हुशार वाटला, त्याने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. आपल्याला अंबर म्हटलं की आकाश आठवतं, नाहीतर पीतांबर. इथला अंबर तो नव्हे. देवमाशाच्या पोटातून मिळणारा काळपट, मेणासारखा सुगंधी पदार्थ, अत्तरात घालतात तो हा अंबर. गुलामांना अशीच नावं ठेवायची पद्धत होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. बाजारातल्या किमती मालाची नावं माणसांना.

1570 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. (पेशवा म्हटल्यावर आपण लगेच शनिवारवाड्यात जातो, पण हा हुद्दा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.) हा चंगीझखान स्वतः हबशी, स्वतः एकेकाळचा गुलाम, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी गुलाम होते. हे ऐकून आज विचित्र वाटतं. दख्खनी दरबारांचं गणित असं होतं : इथल्या सरदारांना भाऊबंद असतात, वतनं असतात, सोयरीक असते, ते कधी फिरतील याचा नेम नाही. दूर देशाहून आणलेल्या पोराला मालकाशिवाय कोणीच नाही, म्हणून तो मालकाशी इमानाने राहणार. त्याच्या हातात तलवार द्यायला हरकत नाही. अमेरिकेतल्या मळ्यांवरची गुलामी डोक्यात धरून इथलं बघितलं तर काहीच कळणार नाही. इथे गुलामाला घोडा मिळायचा, हुद्दा मिळायचा, कारभार शिकायला मिळायचा. घर आणि आईबाप तेवढे मिळायचे नाहीत.

चंगीझखानाजवळ अंबर जेमतेम तीन-चार वर्षं राहिला असेल. सुलतानाच्या मनात वजिराबद्दल विष कालवलं गेलं आणि 1575 च्या आसपास वजिराला खरंच विष मिळालं. त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. म्हणजे इथे आपला लॅटिन शब्द अगदी बरोबर बसतो. हात होता, त्या हाताने सोडलं. तारीख, कागद, समारंभ यातलं काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. पंचविशीतला एक माणूस, त्याला या मुलुखात ना गाव ना भाऊ, आणि आता मालकही नाही.

इथे जरा थांबून आपल्याच जिल्ह्याकडे बघूया. खानापूर तालुक्यात, आणि घाटाच्या बाजूने पुढे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं आणि ते तिथून निसटून घाट चढून या जंगलात आले, असं अभ्यासक मानतात. त्यांना कोणी सोडलं नव्हतं. मालकाने हात काढायची वाट न बघता ते पळाले. लॅटिनमध्ये पळालेल्या गुलामाला वेगळा शब्द आहे, फुगितिवुस, आणि त्याच्या नशिबी पकडला गेल्यावर कपाळावर डाग असायचा. आपल्याकडच्या पळालेल्यांच्या नशिबी विस्मरण आलं. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 साली मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्या सिद्दींना त्यासाठी 2020 च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. अंबरचं चरित्र लिहिता येतं, कारण तो दरबाराच्या वाटेने गेला. दरबारात कागद असतात.

मोकळा झालेला अंबर विजापूरला गेला. जवळजवळ वीस वर्षं तो आदिलशाहीच्या चाकरीत होता, आणि तेव्हा आपलं बेळगावही आदिलशाहीतच होतं. तिथे त्याला मलिक ही पदवी मिळाली. अरबीत मलिक म्हणजे राजा, आणि आपला 'मालक' त्याच धातूचा. 'ममलूक' हासुद्धा त्याच धातूचा, अर्थ मालकीचा, म्हणजे गुलाम. तोही कर्मणी धातुसाधितच बघा. ममलूक ते मलिक, मूळ अक्षरं तीच तीन आणि माणूसही तोच.

त्याच काळात आपल्या बेळगावच्या किल्ल्यात एक राजपुत्र अडकून पडला होता. सुलतान इब्राहिम आदिलशाह दुसरा याचा सख्खा भाऊ इस्माईल. शाही रक्ताचा, पण तख्ताला धोका म्हणून किल्ल्यात ठेवलेला. 1594 च्या सुमाराला त्याने इथूनच बंड केलं, अहमदनगरच्या बुर्हाण निजामशाहने त्याला फूस दिली, बंड मोडलं आणि इस्माईल जिवानिशी गेला. किल्ल्यात आपण कमलबस्ती बघायला जातो, सफा मशीद बघायला जातो, या इस्माईलची आठवण कोणी काढत नाही. अंबरचा या बंडाशी काही संबंध होता असं मला म्हणायचं नाही. फक्त एवढंच, की जन्माने मोकळा असलेला इस्माईल बेळगावात बंद होता आणि विकत घेतलेला अंबर त्याच राज्यात घोड्यावरून फिरत होता.

1595 ला अंबर अहमदनगरला परतला, सोबत दीडशे स्वार. वेळ वाईट होती. अकबराच्या फौजा आल्या होत्या, चांदबिबीने पहिला वेढा परतवला, पण 1600 च्या ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि निजामशाह मोगलांच्या कैदेत गेला. पुस्तकाच्या हिशेबाने निजामशाही इथे संपायला पाहिजे होती. राजधानी गेली, राजा गेला. पण मुलूख अजून मोगलांच्या हातात आला नव्हता, आणि अंबरने हेच ओळखलं. त्याच्या दीडशे स्वारांचे हजारो झाले होते. निजामशाही घराण्यातला एक वंशज त्याने शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून तख्तावर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. पुढची पंचवीस वर्षं राज्य निजामशाहाच्या नावाचं आणि कारभार अंबरचा. राजू दख्खनी नावाचा तितकाच दांडगा प्रतिस्पर्धी होता, त्याला 1607 पर्यंत संपवला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आली आणि नंतर दौलताबादेजवळ खडकीला.

मोगलांशी त्याची लढाई कशी चालायची हे आपल्याला सांगायला नको, कारण ती पद्धत आपण शिवचरित्रातून पाठ केलेली असते. समोरासमोर यायचं नाही, रसद तोडायची, रात्री छावणीवर पडायचं, घाटात गाठायचं, आणि फौज वळली की गायब. 1610 च्या सुमाराला या भागातून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचं लिहिलं आहे. या दख्खनींत मराठे बारगीर मोठ्या संख्येने होते. भोसले घराणं निजामशाहीतच वाढलं. गनिमी कावा अंबरने मराठ्यांना शिकवला का मराठ्यांनी अंबरला, यावर लोक अजून भांडतात. मला वाटतं डोंगर मराठ्यांचे होते, घोडी मराठ्यांची होती, आणि त्यांना एका हुकुमाखाली वर्षानुवर्षं चालवणारं डोकं अंबरचं होतं. भांडण सोडून द्यावं.

डच व्यापारी ब्रूक 1617 ला त्याला भेटला. त्याने अंबरचं वर्णन उंच, धिप्पाड, करड्या चेहऱ्याचा असं केलंय, आणि त्या चेहऱ्याला चक्क रोमन म्हटलंय. त्याने काय मनात धरून तसं म्हटलं कोण जाणे. दिल्लीच्या बादशहाला तो चेहरा वेगळाच दिसायचा. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचं नाव शिवीशिवाय फारसं घेत नाही, आणि शिव्या सगळ्या काळ्या रंगावरून आणि नशिबावरून. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने 1616 च्या सुमाराला एक चित्र काढून घेतलं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या तुटक्या मुंडक्याला बाण मारतोय. आज हे चित्र डब्लिनला चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचं डोकं अंबरच्याच धडावर होतं, आणखी दहा वर्षं. अर्थात 1616 साली मोगलांनी त्याला रोशनगावला हरवलं, खडकी लुटली, पुढे शाहजादा खुर्रमने दोनदा येऊन मुलूख घेतला. दरवेळी अंबर वाकला, तह केला, आणि मोगल सेनापती आपसात भांडायला लागले की सगळं परत घेतलं.

एक प्रसंग मात्र या लढायांपेक्षा जास्त डोक्यात राहतो. तो ब्रूकनेच लिहून ठेवलेला आहे. मुर्तझा निजामशाहाची एक इराणी बेगम होती, मोठी. तिने एकदा अंबरच्या मुलीला, म्हणजे आपल्या सवतीला, गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि तिच्या बापालाही बोलली. मुलीने ते बापाच्या कानावर घातलं. अंबरने आपल्या माणसाकरवी विष घालवून त्या बेगमेला तर मारलंच, राजालाही मारलं. साल 1610. राजाचा लहान मुलगा तख्तावर बसला, वय पाच.

राजकारण म्हणून याचा अर्थ लागतो. मुर्तझा दहा वर्षं अंबरच्या विरोधात खटपटी करत होता, आणि अंबरला निमित्त हवं असेल. पण बघा, अंबरला मोकळं होऊन पस्तीस वर्षं झाली होती. तो राज्याचा कर्ता होता, राजाचा सासरा होता. त्याची मुलगी तर कधीच कोणाच्या मालकीची नव्हती. दख्खनमध्ये ही गुलामी वंशपरंपरेने चालत नसे, मालक गेला की माणूस मोकळा आणि त्याची पोरं मोकळीच. रोमन कायद्यातही सोडलेल्या माणसाच्या नंतरच्या मुलांवर डाग राहत नसे. कायद्यात नसे. जनानखान्यात तो शब्द जिवंत होता, आणि कुठे टोचायचा हे त्या बेगमेला बरोबर माहीत होतं. ज्या माणसाने जहांगीरच्या शिव्या गिळून पुन्हा तह केले, त्याला हा एक शब्द सहन झाला नाही. मी अंबरची बाजू घेत नाही, दोन खून आहेत ते. पण त्याच्या सगळ्या आयुष्यात तो सोडलेला होता का सुटलेला, याचं उत्तर मला या ठिकाणी मिळतं, आणि ते अंबरला आवडलं नसतं.

आणि दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्याच्या पदरीही विकत आणलेले हबशी गुलाम शिपाई होते, चंगीझखानाच्या पदरी तो स्वतः होता तसेच. बाजार त्याने बंद केला नाही. आपण आज त्याच्याकडून ती अपेक्षा धरतो, तेव्हाच्या कोणाच्या मनातही ती आली नसावी. ख्रिस्ती पोर्तुगीज गोव्यात तोच बाजार चालवत होते.

शेतकऱ्यांनी मात्र अंबरची आठवण वेगळ्या कारणाने ठेवली. मलिकंबरी धारा हा शब्द जुन्या मराठी कागदांत वारंवार येतो. आधी वसुलीचा इजारा दिला जायचा, जो जास्त बोली लावेल तो गाव पिळून काढेल. अंबरने इजारा बंद करून जमिनीचा मगदूर बघायला लावला. काळी किती, खडकाळ किती, पीक प्रत्यक्ष किती आलं, त्यावरून सारा. आधी धान्यात, नंतर रोख ठरवून. गावच्या पाटलाला हाताशी धरून. सततच्या लढाईचा खर्च चालवणारं राज्य होतं हे, म्हणजे यात दया कमी आणि हिशेब जास्त असणार. तरी पीक बघून सारा घेणारा कारभारी शेतकऱ्याला बरा.

खडकी त्याने वसवली, 1610 ला. भडकल दरवाजा 1612 चा, मोगलांवरच्या विजयाची खूण. पण तिथली खरी कमाल पाण्याची. डोंगराच्या कडेचं जमिनीखालचं पाणी नहरींमधून, मध्ये मध्ये उसासे ठेवून, शहरापर्यंत उताराने आणलं. त्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे गावाचं नाव बदललं. अंबरचा मुलगा फतेहखान याच्या नावाने फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर.

1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याचं वय पंचाहत्तरच्या पुढे होतं. एका बाजूला मोगल आणि त्यांना मिळालेलं विजापूर, दुसऱ्या बाजूला अंबर. अहमदनगरजवळ भातवडीच्या तलावाचं पाणी फोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला, रसद तोडली आणि रात्रीचे छापे घालून दोन्ही फौजा मोडल्या. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी पडला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे होते, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी याच लढाईत गेले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं सविस्तर वर्णन आहे, आणि संस्कृतात लिहिणाऱ्या त्या कवीने या हबशी सेनापतीचा गौरवच केला आहे. तिथून अंबर थेट विजापूरवर गेला. ज्या राज्याने त्याला मलिक केलं, त्याच्या राजधानीला वेढा घातला आणि इब्राहिमने हौसेने वसवलेलं नौरसपूर लुटलं. रोमन कायद्यात सोडलेल्याने जुन्या धन्याचा मान राखायचा असतो. विजापूर त्याचं मालक कधीच नव्हतं हे खरं, तरी मीठ वीस वर्षांचं होतं.

1626 च्या मे महिन्यात तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे, घुमटाची, साधीच. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची. ब्रूक, फिंच, जहांगीर, परमानंद, इतक्या लोकांनी त्याच्याबद्दल लिहिलं, त्याने स्वतः स्वतःबद्दल लिहिलेलं काही नाही. चापू हे नाव त्याला शेवटपर्यंत कोणी हाक मारायला होतं की नाही, तेही कळायला मार्ग नाही.

मुलगा फतेहखान बापाच्या जागी आला, पण बापाचं डोकं त्याच्यात नव्हतं. त्याने निजामशाहाला मारलं, एका पोराला गादीवर बसवलं आणि 1633 ला दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. त्या पोराला, हुसेन निजामशाहाला, जन्मभरासाठी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. हबशी गुलामाचा मुलगा मोगलांचा पेन्शनर झाला. मग शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातलं आणखी एक मूल शोधलं, पेमगिरीला नेऊन तख्तावर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं मोगलांशी झुंज दिली, अंबरने परांड्याला केलं होतं अगदी तसंच. 1636 ला तेही संपलं. शहाजीराजे आदिलशाहीत आले आणि विजापूरच्या फौजेबरोबर कर्नाटकात बेंगळुरूकडे निघाले.